हाडं घट्ट होण्याआधी

"बसवायचं की झोपवायचं, ते आत्ताच ठरवा," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कंबर घट्ट होईल. मग काही बदलता येणार नाही."

प्रमिलाबाई खानोलकर पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. ठिसूळ हाडांत कॅल्शियम भरणारं ते इंजेक्शन त्यांनी गेल्या वर्षी घेतलं, तेव्हा त्या भराभर जिने चढू लागल्या होत्या. त्यांच्या मुलाने, हेमंतने, ते कौतुकाने साऱ्या सोसायटीला सांगितलं होतं. पण औषध थांबायलाच तयार नव्हतं. हाडं भरली, मग सांधे भरू लागले. गुडघे गेले, एक हात गेला, आणि आता जबडाही जेमतेम बोटभर उघडत होता.

"बसव मला," त्या दातांच्या फटीतून हेमंतला म्हणाल्या. "गॅलरीतून माणसं तरी दिसतील."

"आई, बसलेल्या माणसाचं अंग पुसणं किती अवघड असतं! आणि तू अजून वीस वर्षं जगशील." हेमंत डॉक्टरांकडे वळला. "झोपवा तिला."

"नाही रे!" प्रमिलाबाईंनी चालत्या हाताने पलंगाचा कठडा घट्ट धरला. हेमंतने त्यांचं एकेक बोट हलकेच सोडवलं आणि त्यांना आडवं केलं.

"मान कुणीकडे ठेवू?" नर्सने विचारलं. "दाराकडे की भिंतीकडे?"

हेमंत दाराकडे निघाला होता.

"भिंतीकडे. नाहीतर येता-जाता माझ्याकडे बघत राहील."

नर्सने मान वळवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. ती घट्ट होण्याआधीच प्रमिलाबाईंना मागे दार लागल्याचं ऐकू आलं.