पाठ केलेला प्रश्न

अंगद पोलंडच्या इस्पितळात होता. त्याला तिथं कामाला धाडणारा एजंट फोन उचलेना, आणि अंगदचा मोबाईल उचलणारी नर्सबाई फक्त तिथलीच भाषा बोलायची. इकडे सोनईत त्याच्या आईनं, लंकाबाईंनी, परवापासून अन्नाला हात लावला नव्हता. तान्ह्या लेकीला पाजता पाजता त्याच्या बायकोनं, आरतीनं, मोबाईलवरचे पोलिश धडे ऐकून एकच वाक्य घोटलं होतं, ‘माझे मालक कसे आहेत?’

आज तिनं ते इतकं सफाईनं विचारलं, की हिला भाषा येते असंच नर्सबाईला वाटलं. ती भडाभडा बोलत राहिली, मग हळूच काहीतरी म्हणून तिनं फोन ठेवला. आरतीला एक शब्द कळला नव्हता.

“काय म्हनली गं?” लंकाबाईंनी पदर तोंडाशी धरला.



“बरे हायेत, आत्या. आई जेवली का, इचारीत हुते म्हनं.”