दोन हॉर्न

वळणाआड हॉर्न दोनदा वाजला आणि तिने पहिले अंडे पातेल्याच्या कडेवर फोडले.

एक हॉर्न म्हणजे अर्धी बस, दोन म्हणजे भरलेली. तिच्यात आणि ड्रायव्हरमध्ये ही खूण बारा वर्षांची होती. प्रवासी उतरून हात धुवेपर्यंत पहिले ऑम्लेट तव्यावर असे. गेले आठ दिवस मात्र बस मुकाट पुढे निघून जात होती. काल नवऱ्याने शेजारून शिडी मागून आणली होती. आजही बस थांबली नाही, तर हॉटेलची पाटी उतरवायची होती.

"आला बघ! मी म्हटलं नव्हतं?" नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला.

"हो, शिडी आणून म्हणत होतात."

ती कितीतरी दिवसांनी हसली. अंडी एकामागून एक फुटत गेली. शेवटची चार उरली असताना बस दारासमोरून गेली. वेग जराही कमी झाला नाही. दोनशे पावलांवर काचेचे नवे रेस्टॉरंट होते, गावोगावी असते तसेच, त्याच दिव्यांचे, त्याच चित्रांचे. बस तिथे वळली.

तिने पातेले उचलले.

"अगं, कुठे निघालीस?"

"वाढायला."

काचेच्या दाराशी गणवेशातला माणूस आडवा आला. "मावशी, बाहेरचे पदार्थ आत चालत नाहीत."

"पदार्थ अजून व्हायचाय," ती म्हणाली आणि आत शिरली.

हातात क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन प्रवासी रांगेत उभे होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी ड्रायव्हर जेवत होता. भिंतीवरच्या चित्रात जशी होती, हुबेहूब तशीच थाळी त्याच्यासमोर होती.

"वहिनी!" तो अर्धवट उठला. "तुम्ही इथे?"

"हॉर्न कशाला दिलात?"

"चुकून हात गेला हो. आठ दिवस आवरत होतो. आज वळण आलं आणि..."

"हात जातो. मग पाय का नाही जात ब्रेकवर?"

त्याने इकडेतिकडे पाहिले, आवाज खाली आणला. "बसचा थांबा कंपनीने ठरवलाय, वहिनी. मी कोण बोलणारा? नोकरी आहे माझी."

नोकरी हा शब्द तिला कळत होता. त्या शब्दापाशी तिचा राग कदाचित थांबलाही असता. पण रांगेतले एक काठीवाले आजोबा तिच्याकडे निरखून पाहत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही त्या ऑम्लेटवाल्या ना? तुमचं हॉटेल बंद पडलं म्हणे. वाईट वाटलं हो ऐकून."

"कोण म्हणालं?"

आजोबांनी भाबडेपणाने काठी उचलून ड्रायव्हरकडे दाखवली.

ड्रायव्हरने हातातला घास थाळीत ठेवला. "रोज विचारतात हो सगळे. तिथे का थांबत नाही, तिथे का थांबत नाही. काय सांगू मी?"

"खरं सांगायचं." तिचा आवाज चढला नाही, उलट इतका उतरला, की रांगेतले लोक ऐकायला पुढे झुकले. "पोटासाठी पुढे निघून गेलात, ते मी गिळलं असतं, ड्रायव्हरसाहेब. पण मी जिवंत शेगडीपाशी बसलेली, आणि तुम्ही माझ्या दारावरून जाताना लोकांना सुतक सांगत होतात."

बारा वर्षांत तिने त्याला भाऊजी सोडून कधी हाक मारली नव्हती.

तिने पातेले त्याच्या थाळीला खेटून ठेवले. छत्तीस पिवळे बलक हिंदकळले आणि हळूहळू स्थिरावले. त्यातला एकही फुटला नव्हता.

"बंद पडलेल्या हॉटेलातली आहेत," ती म्हणाली. "पोटभर खा."

ती परतली तेव्हा नवऱ्याने शिडी पाटीला टेकवली होती आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो तिची वाट पाहत होता.

मागे, रेंगाळलेल्या प्रवाशांना बोलावण्यासाठी बसचा हॉर्न वाजला. दोनदा. तिच्या उजव्या हाताची बोटे आपसूक वळली, आत एक अंडे मावेल एवढीच. तिने त्या बोटांकडे पाहिले आणि ती तशीच पुढे मिटत नेली, मूठ होईपर्यंत.

"शिडी परत देऊन या," ती म्हणाली. "आणि येताना अंडी आणा."