बाहेरचं ऐकू न येणारा हेडसेट

उद्या ती पहिल्यांदाच एकटीने विमान उडवणार होती, आणि दुकानातला एकही हेडसेट तिच्या मनास येत नव्हता. एक कान दाबायचा, दुसरा सैल बसायचा.

"घे गं निवांत, मला कसली घाई!" आई सकाळपासून हसतच होती.

शेवटी लेकीने सगळ्यांत भारीतला हेडसेट चढवला. "यात बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही," असं आईला सांगून दुकानदार आत गेला.

लेकीच्या पाठीमागे आईने हात जोडले. "देवा, उद्या धो धो पाऊस पाड. हिचं उड्डाण रद्द होऊ दे."

दुकानदार लगबगीने परतला. "थांबा, त्यात बॅटरी घालायचीच राहिली!"

आईचा चेहरा पडला. लेकीने हेडसेट काढला.



"आई, कालपासून मीही तेच मागतेय गं."