तिसरी ड्युटी

रसिकाने उद्याच्या तक्त्यात ड्रायव्हर बाळ गायकरच्या नावापुढे तिसरी ड्युटी लिहिली आणि खाली सही केली. पहाटे साडेचारला कल्याणहून ठाणे, दुपारी पुन्हा तेच, आणि कारखान्याची शेवटची पाळी सुटली की कामगारांना घरोघर सोडायचं. मधे झोपायला सगळे मिळून चार तास. खडवलीला घरी जाऊन यायचं तर त्यातले तीन रस्त्यातच जायचे. म्हणून तो डोंबिवलीच्या यार्डातच, उभ्या बसच्या मागच्या सीटवर आडवा व्हायचा. दोन महिने झाले, रसिका त्याला हेच देत होती. न चुकता, मन लावून.

तीन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या नाक्यावर याच गायकरच्या बसखाली तिचे वडील गेले. धाकू भोईर. बाळकुमच्या मिठागरात उभं आयुष्य काढलेला माणूस. त्या दुपारी ताजे बोंबील घेऊन वर्तकनगरला थोरल्या लेकीकडे निघाला होता. कोर्टात गायकर एकच वाक्य बोलला, की बाबा दिसलेच नाहीत. साक्षीदार फिरले आणि तो सुटला. रसिकाला ते वाक्य काही केल्या पचलं नाही. भर दुपारी, पांढऱ्या सदऱ्यातला उंचापुरा माणूस दिसत नाही?

लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं. गायकर तेव्हाही आणि आताही ज्याच्याकडे गाडी चालवायचा, त्या डोंबिवलीच्या बस कंत्राटदाराकडे ड्युट्या लावायला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा तिने अर्ज केला. माहेर कुठलं, हे कोणी विचारलंही नाही. गायकरला मारावं असं तिच्या मनात नव्हतं. तो मोडायला हवा होता. त्याच्या हातून चूक व्हावी, गाडी कठड्याला जाऊन घासावी, लायसन जावं, चारचौघांत मान खाली जावी. तिच्या मनातल्या त्या चित्रात बस नेहमी रिकामी असायची.

गायकर हळूहळू खंगत होता. डोळे कायम तांबारलेले. जाग राहावी म्हणून तो स्टिअरिंगवर बसून कच्च्या मिरच्या चावतो, असं बाकीचे ड्रायव्हर सांगायचे. डबल ड्युटी लागली की ते सगळे ऑफिसच्या खिडकीशी येऊन भांडायचे. गायकर मात्र कागद दोन्ही हातांनी घ्यायचा आणि निघून जायचा. त्याच्या या गप्प राहण्याचीच रसिकाला जास्त चीड यायची. शेजारच्या टेबलावर डिझेलच्या नोंदी ठेवणारी हेमा वयाने मोठी होती. गायकरला एखादी सुटी दे, असं ती दोनतीनदा म्हणाली होती. रसिकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हेमाताईंचं काळीज मऊ आहे, त्यांना काय कळणार, असं तिला वाटायचं.

गुरुवारी दुपारी गायकर खिडकीशी न थांबता आत आला आणि गाडीची चावी तिच्या टेबलावर ठेवली. उभं राहवत नसल्यासारखा तो भिंतीला टेकला. कापूरबावडीपासून माजिवड्यापर्यंतचा रस्ता आपल्याला आठवतच नाही, असं त्याने सांगितलं. बसमधली कोणी बाई किंचाळली म्हणून डोळे उघडले. पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा समोर एक गरोदर बाई उभी होती, बंपरपासून हातभर अंतरावर. मागे बावन्न माणसं होती. कोणाला काही झालं नाही.

"झेपत नव्हतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," रसिका थंडपणे म्हणाली.

"पहिल्याच दिवशी ओळखलेलं तुम्हाला, ताई," गायकर म्हणाला. "धाकूबाबांची धाकटी लेक. कोर्टात समोरच्या बाकावर बसायच्या. म्हटलं, यांचा हक्क आहे. द्यायची ती शिक्षा देऊ दे. म्हणून एकदाही 'नाही' म्हटलं नाही. पण आज ती बाई… तिने कोणाचं काय केलेलं?"

हेमाचं लिहितं पेन थांबलं.

तीन वर्षं जो प्रश्न रसिका मनातल्या मनात ओरडून विचारत होती, तो आता अगदी हळू बाहेर आला. त्या दिवशी बाबा दिसले कसे नाहीत?

"डोळे मिटलेले होते, ताई. तिसरी ड्युटी होती. कोर्टात हे बोललास तर तूच आत जाशील, असं वकिलाने बजावलेलं. म्हणून अर्धंच बोललो."

रसिकाने तक्ता ओढून घेतला आणि गायकरचं नाव खोडलं, आजच्या उरलेल्या ड्युटीवरून आणि उद्याच्या तिन्हींवरून. कंत्राटदार साहेबांना फोन लावला. रात्रीची गाडी सुटणार नाही, ड्रायव्हर नाही, असं सांगितलं. पलीकडून साहेब चढ्या आवाजात बोलत होते. तिने ते सगळं ऐकून घेतलं, पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवला. गायकरला घरी जायला सांगितलं. तो गेला.

आता मात्र तिला एक नाव हवं होतं. तीन वर्षं चुकीच्या माणसावर धरलेला राग अजून धगधगत होता. त्याला जायला जागा हवी होती. त्या दिवशी गायकरला तिसरी ड्युटी कोणी लावली, तिने हेमाला विचारलं. जुने तक्ते कपाटात असतील तर आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाली.

हेमा जागची हलली नाही.

"कपाट कशाला उघडतेस," ती म्हणाली. "तेव्हा तुझ्या खुर्चीत मी होते. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं गं. एक माणूस कमी होता, एवढंच."