उर्मिलाची गोटमार

“एवढा पडलेला माणूस तेवढा काढून टाक, सूनबाई. बाकी सारं झकास आहे,” यशवंतराव म्हणाले.

गणपतीच्या मांडवात लेकरांच्या मातीकामाचं प्रदर्शन मांडणं चालू होतं. मंगलानं घरून डोक्यावर आणलेली संत्र्याच्या पेटीची फळी नुकतीच टेबलावर ठेवली होती. तिच्या उर्मिलानं, दुसरीतल्या पोरीनं, त्या फळीवर अख्खी गोटमार, म्हणजे नदीतला झेंडा पटकवायला दोन काठांवरच्या गावांनी एकमेकांवर दगडगोटे मारायचा दरसालचा खेळ, उभी केली होती. मधोमध निळीनं रंगवलेली जाम नदी, नदीत पळसाची खरी फांदी, फांदीला चिंधीचा झेंडा. अलीकडच्या काठावर पांढुर्ण्याची माणसं, पलीकडच्या काठावर सावरगावची. सगळ्यांचे हात वर, हातांत ज्वारीच्या दाण्यांचे गोटे. मंगला येईल त्याला दाखवत होती.

“हे पाहा, याच्या पागोट्याचे वेढेबी काढले तिनं. कोणी शिकवलं नाही बरं. स्वतःच्या मनानं करून राहिली.”

अलीकडच्या काठाशी एक माणूस आडवा पडला होता. त्याच्या एका डोळ्यावर कापूस चिकटवला होता आणि कापसावर कुंकू.

“काहून काढाचा?” मंगलानं विचारलं.

यशवंतराव मंडळाचे अध्यक्ष, कापडाच्या दुकानाचे मालक. त्यांनी आवाज खाली आणला. “संध्याकाळी तहसीलदार येऊन राहिले. गोटमार बंद करा म्हणून आधीच मागं लागले आहेत ते. हे पाहिलं त झालंच मंग. अवो, देवीच्या नावाचा खेळ आहे, बापजाद्यांपासून चालत आला. एखाद्याले लागतंच. देवीची भभूत लावली का बरं होते.”

“भभूत लावली होती,” मंगला म्हणाली. “नागपूरच्या डॉक्टरनं पहिले तेच धुवून काढलं. मंग डोळा काढला.”

यशवंतरावांनी उर्मिलाच्या डोक्यावर हात ठेवला. “देवीदास शूर गडी आहे आपला. त्याची अशी शोभा कायले करता? पहिलं इनाम इलेच देतो. ते पाह, पोरी, रंगाची पेटी.”

उर्मिलानं पेटीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत यशवंतरावांनी दोन बोटांनी तो माणूस उचलला. माती फळीला धरून बसली होती. एक पाय तिथंच राहिला.

“बाबाचा पाय!” उर्मिला ओरडली.

“ठेवा त्याले खाली,” मंगला म्हणाली.

“अवो, मातीचा त आहे.”

“ठेवा म्हणतो ना!”

मांडवात पताका लावणारी पोरं शिडीवरच थांबली. यशवंतरावांनी माणूस टेबलावर ठेवला.

“तो उभा होता तवा खांद्यावर घेऊन नाचले तुमी त्याले,” मंगलाचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. “काठावरून ‘मार, देवीदास, मार’ कोण ओरडे? अन् पडला तवा कुठं गेले सारे? म्या एकटीनं नेलं त्याले नागपूरले. साऱ्या गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. आता घरी भिताडाकडं तोंड करून पडला राहते. तुमचा एक माणूस दारात आला नाही. खरा त पाहवला नाहीच, काकाजी. मातीचाबी पाहवत नाही का तुमाले?”

“बाईमाणसानं मांडवात असं बोलणं शोभत नाही.”

“मंग बाहेर बसतो.”

तिनं फळी उचलली. उर्मिलानं माणूस आणि त्याचा पाय ओंजळीत घेतला. मांडवाच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला, मंगलानं दोन विटा लावून त्यावर फळी मांडली आणि शेजारी मांडी घालून बसली. उर्मिला घरी पळत जाऊन उरलेली ओली माती घेऊन आली आणि पाय जोडू लागली.

दिवे लागायच्या वेळेला दर्शनाची गर्दी सुरू झाली. लोक वाकून पाहत, हसत, एकमेकांना ओळखत. “हा त आपला श्रावण! पाह ना, कसा वाकला!” मग आडव्या माणसावर नजर जाई आणि हसू थांबे.

“देवीदास होय का हा?” एकानं हळूच विचारलं.

“हो. घरीच आहे,” मंगला म्हणाली. “भेटून या.”

यशवंतरावांनी दोनदा माणूस पाठवला. मंगला उठली नाही. तहसीलदारांची जीप आली तेव्हा यशवंतराव हार घेऊन धावत बाहेर आले आणि जीप व फळी यांच्या मध्ये उपरणं पसरून उभे राहिले. साहेब हार घालून घेऊन सरळ आत गेले.

गर्दी विरळ झाल्यावर एक म्हातारी येऊन फळीपाशी उकिडवी बसली. नदीपलीकडून, सावरगावाहून आली होती. पलीकडच्या काठावरच्या माणसांकडे ती एकेक करून पाहत राहिली.

“आमच्या बाजूचा कोणी पडला नाही का वो?” तिनं विचारलं.

“इनं बापाचंच पाहिलं, आजी,” मंगला म्हणाली.

“पडला होता. लई साल झाले. घरी आणलाच नाही, तिथूनच मसणात नेला.” म्हातारीनं उर्मिलाकडे पाहिलं. “पोरी, माह्या लेकाले, मोतीरामले करशील का? तिकडच्या काठावर. थोडीशी जागा आहे, पाह.”

उर्मिलानं मातीचा गोळा हातात घेतला, तळहातांत वळला आणि विचारलं, “करतो ना, आजी. त्याले कुठं लागलं होतं?”