गजाभाऊंचा डावा पाय

"माझ्या कुठल्या पायात रक्त कमी पोचतंय, सांग! चुकलीस तर कट्ट्याला मिसळ. बरोबर निघालं तर चौकात बसून मिशी उतरवीन!" गजाभाऊंनी पैज लावली आणि सोसायटीचा अख्खा कट्टा खिदळला.

शाल्मली भडकली. प्रयोगशाळेत ती उंदरांच्या पायातला रक्तप्रवाह मोजायची, म्हणून हा माणूस तिला रोज "उंदरांची डॉक्टरीण" म्हणायचा. तिने हात लावून पाहिलं. उजवा पाय बर्फासारखा गार होता.

"आधी उन्हात बसा," ती फणकारली. "गारठलेल्या पायात रक्त कमीच पोचतं. उंदरालासुद्धा गरम गादीवर ठेवल्याशिवाय मी मोजत नाही."

अर्ध्या तासाने उजवा पाय कोमट झाला. डावा मात्र आता त्याच्याहून गार लागत होता आणि घोट्यामागची नाडी सापडेना.

"डावा."

"हॅ! डाव्याला मी काही केलंच नाही! बर्फाच्या बादलीत उजवा बुडवला होता!"

शाल्मलीचा आवाज चढला. "चालताना पोटरी धरते ना? आणि वर बिड्या फुंकता! उंदराची शीर मी प्रयोगासाठी बांधते. तुम्ही स्वतःची हौसेनं बांधताय! उठा, दवाखान्यात चला!"

डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली, म्हणून पाय वाचला.

महिन्याभराने भर चौकात न्हाव्याने गजाभाऊंची मिशी उतरवली. कट्टा शिट्ट्या मारत होता.

"पार भुंडा केलास गं मला!" ते कुरकुरले.

शाल्मली अजून धुमसतच होती. "मिशी उगवेल, काका. पाय उगवला असता का?"