तळावरचा तंबोरा

गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा मिरजेचा तंबोरे बनवणारा यासीन समुद्रतळावरच्या वसाहतीत, समुद्रात उभ्या पवनचक्क्यांचे पाय सांधायला गेला. खोल पाण्याच्या दाबामुळे तिथे श्वासासाठी भरलेल्या हेलियमच्या हवेत माणसाचा आवाज चिरका व्हायचा. फोनमधलं यंत्र तो दुरुस्त करून घरी पोचवायचं.

उद्या त्याच्या मुलीची, नफीसाची गाण्याची परीक्षा होती. रियाज अब्बांच्याच तंबोऱ्यावर करायचा, हा तिचा हट्ट. फोन लावून त्याने सोबत आणलेला छोटा तंबोरा छेडला. जवारी, तारांची ती घुमणारी गुंज, सुरेख बोलत होती.

"अब्बा, वाजवा ना!"

"वाजवतोय की, वेडे!"

"नाही ओ. तुमचं बोलणं तेवढं येतंय."

यंत्र माणसाचा आवाज ठेवून बाकी सगळं गोंगाट म्हणून गाळत होतं.

"असू दे. सा आठवतोय मला," म्हणत ती गाऊ लागली.

तो तारा छेडत राहिला. त्याच्या खोलीत दोघांचा सूर जुळला होता. मिरजेत पोर एकटीच गात होती.